फिल्म क्लबची वही आणि अण्णा

मागच्या दिवाळीत इंदूरच्या रामबागेतलं आमचं जुनं घर आवरत होतो. माळ्यावरच्या ट्रंकेत एक दोनशे पानी वही निघाली. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘फिल्म क्लब, १९८१ ते ८३’. पहिल्याच पानावर हे वाक्य: ‘काही कळलं नाही. सरांनी सांगितलं म्हणून लिहून राहिले आहे.’ हे ‘लिहून राहिले’ वाचून हसू आलं. पुण्याची वहिनी या आमच्या इंदुरी मराठीवरून अजून टोमणे मारते.

तेव्हा मी बी.ए.ला होते. कॉलेजातल्या एका सरांनी फिल्म क्लब चालवला होता. महिन्यातून दोनदा संध्याकाळी, एका हॉलमध्ये, १६ एमएमचा प्रोजेक्टर. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, त्यांच्याकडून फिल्म सोसायट्यांना प्रिंट मिळत. काही परदेशी वकिलातींमार्फत येत. पत्र्याच्या गोल डब्यांतून रिळं यायची, दोन दिवसांत परत पाठवायची. रीळ बदलायला दिवे लागले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. कुणाला काय कळलं त्याचा अंदाज घ्यायला.

सरांचा एकच नियम होता. सिनेमा संपला की चहाच्या आधी वहीत लिहायचं. आधी काय दिसलं, काय ऐकू आलं, ते लिहा. आवडलं की नाही ते नंतर. अर्थ तर सगळ्यात शेवटी.

शो संपायला रात्रीचे साडेनऊ-दहा व्हायचे. मुलीनं एकटीनं यायचं नाही, हे घरी ठरलेलं. म्हणून अण्णा बरोबर यायचे. अण्णा एका कापड मिलच्या ऑफिसात हिशेबनीस. दिवसभर लेजर भरून थकलेला माणूस. शेवटच्या रांगेत खुर्ची घ्यायचे आणि पहिल्या दहा मिनिटांत डोळे मिटायचे.

असले सिनेमे आपल्या लोकांनी कधी पाहिलेच नव्हते असं मात्र नाही. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली स्थापन झालं आणि मुख्य सिनेमाआधी त्यांची रिळं दाखवणं टॉकीजवाल्यांना बंधनकारक होतं. बहुतेक रिळं धरणं, पूर आणि मंत्र्यांच्या उद्घाटनांची. पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे काही वेगळी माणसं होती. प्रमोद पती हे ओडिशाचे. प्रागला जाऊन बाहुल्यांच्या अ‍ॅनिमेशनचं काम शिकून आले होते. त्यांची ‘एक्सप्लोरर’ १९६८ची. निवेदन नाही, गोष्ट नाही, फक्त झरझर पळणारी चित्रं आणि कानात घुसणारे आवाज. मी सात-आठ वर्षांची असताना टॉकीजमध्ये असंच काहीसं रीळ लागलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे भिया, रील उलटी लग गई!’ सगळा हॉल हसला. मीही हसले. पुढे क्लबात ‘एक्सप्लोरर’ पाहिली तेव्हा तो हशा आठवला. सरकारी पैशातून, भुईमूग सोलत बसलेल्या प्रेक्षकांपुढे इतकं धाडसी काम होत होतं आणि आम्हाला ते मशीनचा बिघाड वाटलं होतं.

वहीतलं तिसरं पान हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’चं आहे. १९६७ची ही छोटी फिल्म, राजस्थानात केलेली. छत्री, कंदील, जोडा, वाळू, गल्ल्या. संगीत आहे, पण गोष्ट नाही. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात तिला लघुपटाचं ‘गोल्डन बेअर’ मिळालं. मी लिहिलंय: ‘छत्री आणि जोडा यांचा संबंध काय?’ खाली सरांची लाल शाईतली एक ओळ: ‘संबंध असलाच पाहिजे का?’

घरी हे सांगितलं तर आजी म्हणाली, ‘हुसेन ना? तो तर आपल्या इंदूरचाच.’ जन्म पंढरपूरचा, पण वाढला इथे. देवळालीकर मास्तरांच्या चित्रकला शाळेत तो शिकला. आपले बेंद्रेही त्यांचेच विद्यार्थी, पुढे बडोद्याच्या फाइन आर्ट्सला गेले ते. आजीनं ती फिल्म पाहिली नव्हती. पण बर्लिनला बक्षीस मिळवणाऱ्या त्या न समजणाऱ्या गोष्टीचं एक मूळ आपल्याच गावच्या एका मराठी मास्तरांच्या वर्गात आहे, हे मला तिच्यामुळे कळलं.

मग माया डेरेनची ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’. अमेरिकेत १९४३ साली नवरा-बायकोनं घरच्या घरी केलेली, जेमतेम चौदा मिनिटांची. वहीत असं आहे: ‘एक बाई घरी येते. किल्ली हातातून पडते. पाव, त्यात सुरी. टेलिफोनचा रिसिव्हर काढून ठेवलेला. काळ्या कपड्यातलं कुणीतरी जातंय, तोंडाच्या जागी आरसा. बाई खुर्चीत झोपते. मग तीच बाई पुन्हा येते. पुन्हा येते.’ त्याखाली मी फ्रॉइडचं नाव लिहून दोन रेघा ओढल्यात. फ्रॉइडचं एकही पान तेव्हा वाचलेलं नव्हतं.

रात्री जेवताना आईला हे सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, ‘अगं, दुपारी डोळा लागला की असंच होतं. वाटतं, उठले, दूध उतरवलं, कडी लावली. मग कळतं की आपण उठलोच नाही. परत उठते, परत दूध उतरवते. घाबरायला होतं.’ सिनेमाच्या नावातच दुपार आहे, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आईनं सिनेमा न पाहता तो पकडला. हे मी वहीत लिहिलं नाही. कमीपणा वाटला असणार.

मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’च्या पानावर ‘कंटाळा’ हा शब्द तीनदा आहे. मोहन राकेश यांच्या कथेवरचा हा सिनेमा. सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जातून तेव्हा असे काही सिनेमे निघत होते. बस ड्रायव्हरची बायको नवऱ्यासाठी रोटी घेऊन रस्त्याच्या कडेला थांबते. जवळजवळ दोन तास ती थांबलेलीच. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलंय: ‘गती नाही. संकलन ढिसाळ.’ घरी येताना सायकल हातात धरून अण्णा म्हणाले, ‘खेड्यात बसची वाट बघितलीयस का कधी? येईल की नाही तेच माहीत नसतं. घड्याळ बघण्यात काय अर्थ?’ मी म्हटलं, ‘तुम्ही तर झोपला होता.’ ते म्हणाले, ‘मधेमधे उठत होतो. ती तिथेच होती.’

आता ज्या पानासाठी हे सगळं लिहायला बसले, ते पान. ‘सतह से उठता आदमी’, १९८०. मणी कौल यांचाच, मुक्तिबोधांच्या लेखनावर. आपल्यापैकी अनेकांना हे माहीत असेल, तरी सांगते. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले केवढे मोठे कवी, पण घर मराठी. जन्म १९१७चा, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. आमच्याच होळकर कॉलेजातून १९३८ साली बी.ए. झाले. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत. थोरला हिंदीत, धाकटा मराठीत, आणि घर एकच. मास्तरकी, पत्रकारिता, अशा नोकऱ्या करत गाव बदलत राहिले, शेवटी राजनांदगावच्या कॉलेजात. १९६४च्या सप्टेंबरात दिल्लीत गेले. पहिला कवितासंग्रह ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी आला, पण तो हातात घ्यायला ते नव्हते.

सिनेमात रमेश, माधव, केशव अशी तीन माणसं आहेत. बोलतात ते मुक्तिबोधांचं लिहिलेलं. आधी काहीतरी गोष्ट आहे असं वाटतं, मग ती हळूहळू सुटत जाते आणि शब्दच उरतात. आणि शेवटाकडे कारखाना. लांबच लांब. माझी नोंद अशी: ‘कारखान्याचा सीन निष्कारण लांबवला आहे. प्रेक्षकाची परीक्षा.’

पण त्या नोंदीत एक गोष्ट नाही, जी मला आज सगळ्यात स्पष्ट आठवते. त्या सीनच्या वेळी मागे खुर्ची घासल्याचा आवाज आला. वळून पाहिलं. अण्णा जागे होते. खुर्ची पुढे सरकवून, गुडघ्यांवर कोपर टेकून, पडद्याकडे बघत होते. तो चेहरा मी घरी कधी पाहिला नव्हता. मला लाज वाटली, की मैत्रिणी काय म्हणतील, हे इतकं काय बघून राहिले आहेत. पुन्हा पडद्याकडे तोंड केलं आणि ‘निष्कारण’ हा शब्द मनात तयार करत बसले.

परतताना बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘घरी आईशी मराठीत बोलायचा, कागदावर हिंदी. मनात काय असेल गं त्याच्या?’ मी परीक्षेला लिहितात तसं काहीतरी उत्तर दिलं. ते ‘हं’ म्हणाले.

तेव्हा कळलं नाही, की हा प्रश्न ते स्वतःबद्दल विचारत होते. तीस वर्षं मिलमध्ये हिंदीत हिशेब, साहेबांशी हिंदी, मजुरांशी माळवी, घरात मराठी आणि पुण्याच्या नातेवाइकांपुढे गप्प. आपल्या मराठीला ते हसतील म्हणून गप्प. काही वर्षांनी मिल बंद पडली. अण्णांचे हक्काचे पैसेही अडकले. २००४ साली ते गेले. त्या रात्री मी उलट विचारायला हवं होतं, ‘अण्णा, तुमच्या मनात कुठली भाषा असते?’ तेवढं एक वाक्य. सायकल आणि रस्ता होता, वेळही होता. माझ्याकडे मात्र त्या वेळी फक्त मतं होती.

वही पुन्हा वाचताना मला त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचा राग येत नाही. ‘काही कळलं नाही’ हे तिचं पहिलं वाक्य प्रामाणिक होतं. पुढे ती शब्द शिकली आणि बघणं कमी केलं. सरांचा नियम तिनं पाळला, पण अर्धाच. पडद्यावर काय दिसलं ते लिहिलं, शेजारी काय घडलं ते सोडून दिलं.

विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला ‘घाशीराम कोतवाल’ १९७६ साली काही तरुण दिग्दर्शकांनी सहकारी पद्धतीनं केला. मराठीतला असा प्रयोग, पण त्याची एक प्रिंट जपून राहिली ती बर्लिनच्या संग्रहात, आणि तिच्यावरून २०१४ साली तो पुन्हा लोकांपुढे आला. म्हणजे सिनेमे कुठे ना कुठे सापडतात. ते बघून आपल्या घरची माणसं काय म्हणाली, ते मात्र कुठल्याच डब्यात ठेवलेलं नसतं.

म्हणून वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी आता चाळीस वर्षांनी नोंद पूर्ण केली आहे. आईची दूध उतरवण्याची गोष्ट लिहिली. अण्णांची बस लिहिली. ‘सतह से उठता आदमी’खाली लिहिलं: ‘कारखान्याचा सीन. अण्णांनी खुर्ची पुढे घेतली.’

ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, तुमच्याही गावात असे क्लब असतील. बरोबर कोण आलं होतं, आणि घरी येताना काय बोललं? आठवत असेल तर जरूर लिहा.