पर्सेंट एमची गोष्ट

परवा एका जुन्या प्रोजेक्टची कॉन्फिग फाईल चाळताना टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "लॉगच्या पॅटर्नमध्ये पर्सेंट एमपुढे कंसात 'नोलुकअप्स' का लिहिलंय?" म्हटलं, चहा घे, गोष्ट जरा मोठी आहे.

लॉगच्या ओळीला साचा द्यायची ही पद्धत सी भाषेतल्या प्रिंटएफची. जावासाठी चेकी ग्युल्जू आणि मंडळींनी लॉगफोरजे लिहिलं, २००१ साली त्याची १.० आवृत्ती आली. त्यातही हीच युक्ती: पर्सेंट डी म्हणजे तारीख, पर्सेंट पी म्हणजे पातळी, पर्सेंट एम म्हणजे मेसेज. कोडला हात न लावता ओळीचं रूप बदलता येऊ लागलं.

पण प्रिंटएफमध्ये एक जुनी मेख आहे. साचा प्रोग्रामरचाच हवा. युजरने टाइप केलेलं साचा म्हणून दिलं, तर त्यातल्या खुणाही इमानेइतबारे पाळल्या जातात. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडी या सर्व्हरवर याच चुकीतून हल्ले झाले. पर्सेंट एन वापरून थेट मेमरीत लिहिता येत होतं!

लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीने तीच चूक वेगळ्या वेषात केली. डॉलर आणि महिरपी कंसात नाव लिहिलं की त्याजागी किंमत शोधून भरायची, हा लुकअप. कॉन्फिगमध्ये सोयीचंच. पण पर्सेंट एमच्या जागी आलेल्या मेसेजमध्येही हा शोध चालायचा. २०१३ मध्ये त्यात जेएनडीआयची भर पडली, म्हणजे नेटवर्कवरून ऑब्जेक्ट आणायची सोय. झालं! कोणीतरी एक ओळ टाइप करायची, ती लॉग झाली की सर्व्हर परक्या मशीनवरून कोड आणून चालवणार. माइनक्राफ्टमध्ये तर चॅटचा एक मेसेज पुरला.

अलिबाबा क्लाउडच्या चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबर २०२१ ला हे अपाचेला कळवलं. १० डिसेंबरला ते जगजाहीर झालं होतं, गांभीर्य १० पैकी १०. माझी नोकरी तेव्हा नवीकोरी. अख्खा वीकेंड कुठल्या जारमध्ये कुठली आवृत्ती दडलीये हे शोधण्यात गेला. 'नोलुकअप्स' त्याच घाईतलं. नंतर कळलं, तेवढ्याने भागत नव्हतं. शेवटी २.१६ आवृत्तीत मेसेजमधले लुकअप मुळातूनच काढून टाकले.

"म्हणजे आता ते असलं काय, नसलं काय, सारखंच. काढू?" त्याने विचारलं.

काढ म्हटलं. फक्त एवढं लक्षात ठेव: साचा आपला, मजकूर लोकांचा. दोन्हींची सरमिसळ झाली, की वीकेंड गेलाच!