काचेच्या कपाटाशेजारचा माणूस

भोकर-किनवटकडून येणारा रूळ मुदखेडला मनमाड-सिकंदराबाद मार्गाला मिळतो. इथून गाडीत बसलेले कुटुंब थेट मुंबईच्या सीएसएमटीला उतरते. मुलांना घेऊन मुंबई बघायला निघालेल्यांच्या यादीत राणीची बाग, गेटवे आणि ‘म्युझियम’ ही तीन ठिकाणे बहुतेक असतातच. म्युझियम म्हणजे स्थानकापासून पायी जाता येईल असे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथल्या प्राणी-पक्ष्यांच्या दालनात लेकरे आपोआप रेंगाळतात.

या दालनाची मुळे 1883 सालात आहेत. त्या वर्षी 15 सप्टेंबरला आठ मुंबईकरांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या म्युझियममध्ये झाल्या. पुढे एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्टातल्या आपल्या दुकानात सोसायटीला जागा दिली. तिथे 1894 मध्ये कारवारहून धनेशाचे एक पिल्लू आले. विल्यम हे त्याचे नाव. लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अलगद झेलायचा. सव्वीस वर्षे तो सोसायटीच्या कचेरीतच राहिला, आणि आज संस्थेच्या बोधचिन्हावर धनेशच आहे.

सोसायटी तेव्हाही दारावर आलेल्या मुलाला परत पाठवत नसे. एअरगनने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन एक शाळकरी मुलगा तिथे आला. मानद सचिव मिलार्ड यांनी एकेक खण उघडून त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले, त्यांतले फरक समजावले. तो मुलगा म्हणजे सालिम अली.

या वस्तुसंग्रहालयाचे जुने नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याची कोनशिला 1905 मध्ये बसली. इमारत 1914 मध्ये पुरी झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ थाटले गेले, त्यामुळे लोकांसाठी दारे उघडायला 1922 उजाडले. पुढच्याच वर्षी निसर्ग विभाग सुरू झाला. त्याची मांडणी सोसायटीच्या मदतीने झाली. नुसते पेंढा भरलेले प्राणी ओळीने उभे न करता, मागे रंगवलेले रान, पायाशी गवत आणि मध्ये प्राणी, असे देखावे काचेआड उभे राहिले. जंगल न पाहिलेल्या माणसाला गवा कुठे चरतो, हे तिथे दिसे.

पण देखावा स्वतःहून बोलत नाही. 1926 मध्ये म्युझियमने सालिम अलींना गाइड-लेक्चरर नेमले. शाळांच्या मुलांना आणि इतर प्रेक्षकांना दालनातून हिंडवत समजावून सांगायचे, हे त्यांचे काम. या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची नेमणूक हीच. दोनेक वर्षांनी ते बर्लिनला शिकायला गेले. 1930 मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ते पदच रद्द झाले होते. कपाटे राहिली, बोलणारा गेला! जिल्ह्याच्या गावी असे दालन उभारताना काचेच्या आधी या एका पगाराची तरतूद व्हायला हवी.

नोकरी गेलेल्या सालिम अलींनी मग निजामाच्या दरबाराला सांगितले, की मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, माझे काम विनामूल्य. 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी झाली. त्या वेळी मुदखेडसह सगळा मराठवाडा त्याच संस्थानात होता. पाहणीचा वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापून आला. मराठवाड्याच्या पक्ष्यांवर लिहू पाहणाऱ्याला आजही त्याच पानांशी जावे लागते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांचा जुना ओघ आटला. लक्ष जिवंत प्राण्यांकडे वळले, ते योग्यच झाले. सोसायटीने गोरेगावला निसर्गशिक्षण केंद्र काढले. तिथे आईबाप आणि मुले एकत्र फुलपाखरे बघत फिरतात, आणि सोबत सांगणारा माणूस असतो. फोर्टातल्या म्युझियमच्या आवारात 2019 पासून मुलांचे वेगळे संग्रहालय आहे.

यातले बरेच काही मुदखेडकरांना घराजवळही करता येते. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. 5 हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 हा सालिम अलींचा. तालुक्यात गोदावरीचा काठ आहे, गुलाब-मोगऱ्याचे मळे आहेत, आणि किनवटच्या गाडीत बसले की पैनगंगा अभयारण्याच्या बाजूचे जंगल गाठता येते. एक दुर्बीण आणि पक्ष्यांची नावे माहीत असलेले एखादे गुरुजी किंवा बाई सोबत असल्या, की घरातल्या सगळ्यांचा दिवस त्यात जातो.