स्थानकात उभे राहिलेले सैनिक आणि दगडावर नसलेली नावे

१/ १ जुलै २०१६. लंडनच्या वॉटर्लू स्थानकात सकाळची गर्दी नेहमीप्रमाणे कामावर निघाली होती. त्या गर्दीत पहिल्या महायुद्धाच्या गणवेशातील काही पुरुष होते. कुणी भिंतीला टेकून उभे, कुणी जमिनीवर बसलेले. ते कुणाशीही बोलत नव्हते. एखादा प्रवासी जवळ जाऊन चौकशी करू लागला, की समोरचा सैनिक त्याच्याकडे पाहत एक छोटे कार्ड त्याच्या हाती देई.

२/ कार्डावर एका सैनिकाचे नाव, त्याची पलटण, ठाऊक असल्यास वय आणि मृत्यूचा दिवस : १ जुलै १९१६. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश सैन्यातील १९,२४० जण मृत्युमुखी पडले होते. त्यांच्यापैकीच एक जण जणू आज स्थानकात गाडीची वाट पाहत होता.

३/ ही कल्पना कलावंत जेरेमी डेलर यांची. नाट्यदिग्दर्शक रुफस नॉरिस आणि देशभरातील नाट्यसंस्था त्यांच्या सोबतीला होत्या. सुमारे १,४०० स्वयंसेवकांनी, म्हणजे व्यावसायिक नट नसलेल्या सामान्य माणसांनी, गुप्तपणे तालमी केल्या होत्या. शेटलंडपासून प्लिमथपर्यंत स्थानकांत, बाजारांत, रस्त्यांवर ते दिवसभर वावरले. मधूनच सारे मिळून खंदकांतील एक जुने गाणे म्हणत. 'वुई आर हिअर बिकॉज वुई आर हिअर' हे प्रयोगाचे नाव त्या गाण्यातूनच आले.

४/ पण रेल्वे स्थानकच का? घरच्यांनी सैनिकाला अखेरचे पाहिले ते बहुधा फलाटावर. वॉटर्लूहून साउदॅम्प्टन बंदर आणि तेथून फ्रान्स, ही हजारोंची वाट होती. युद्धात मरण पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ उभारलेली १९२२ सालची कमान त्याच स्थानकात आहे. तिच्याखालून लोक रोज वर न पाहता जातात. लोकांनी स्मारकाकडे जावे हा रिवाज. डेलर यांनी स्मारकालाच लोकांकडे पाठवले.

५/ आता असाच प्रयोग आपल्याकडे करायचा ठरला, तर? करंजाड्याहून लोकल पकडायला पनवेल स्थानकात आलेल्या नोकरदाराच्या हाती असे कार्ड पडले, तर त्यावर कोणाचे नाव असेल?

६/ १९१४ साली पनवेलला रेल्वे नव्हती. पण कोकण आणि देशावरील तरुण मराठा पलटणींत होते. नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरू लागली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कूत येथे त्यांना तुर्की सैन्याने वेढले. जवळजवळ पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण गेले. वाळवंटातील पायपिटीत आणि कैदेत त्यांतील कित्येक मेले. सॉमच्या दोनच महिने आधीची ही गोष्ट.

७/ मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली. हिंदी सैन्यातील मात्र अधिकाऱ्यांचीच. साध्या शिपायांसाठी पलटणीचे नाव आणि मृतांची संख्या एवढेच. दर्जा, वंश वा धर्म यांवरून मृतांत भेद करायचा नाही, हे युद्धस्मारकांचे काम पाहणाऱ्या आयोगाचे घोषित तत्त्व होते. शिपायाच्या बाबतीत ते पाळले गेले नाही.

८/ याची जाहीर कबुली येण्यास शतक लोटले. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने आपला चौकशी अहवाल प्रसिद्ध करून माफी मागितली. आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांच्या स्मरणात असमानता झाली आणि तिच्या मुळाशी वंशभेद होता, हे त्यात मान्य केले आहे.

९/ खलाशांचीही कथा आहे. पनवेलहून सुटणारी सीएसएमटी लोकल मस्जिद स्थानकावर थांबते. तेथून जवळच असलेल्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातील २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी समाधी नाही. रोज हजारो प्रवासी त्या स्थानकातून जातात.

१०/ म्हणून डेलर यांचा प्रयोग येथे जसाच्या तसा उचलता येणार नाही. तेथे नाव कोरलेले होते, त्याला फक्त देह द्यायचा होता. येथे आधी नाव शोधावे लागेल. ते अशक्य नाही. दगडावर नसलेली शिपायांची नावे नोंदवह्यांत आहेत. आयोगाच्या सूचीत अनेकांच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि गावही सापडते. कार्ड कोरे ठेवण्याचे कारण उरलेले नाही. नोंदवही उघडून ते लिहायला मात्र कुणीतरी बसायला हवे.