‘डर्टी हॅरी’: मॅग्नम, रायफल आणि कायद्याची चौकट

सॅन फ्रान्सिस्कोतील एका उत्तुंग इमारतीची गच्ची. तेथे दबा धरून बसलेल्या माणसाने आपली रायफल समोरच्या इमारतीवरील जलतरण तलावाकडे रोखली आहे. तलावात एक तरुणी एकटीच पोहते आहे. चाप ओढला जातो आणि ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटातील पहिला बळी पडतो. १९७१च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झालेल्या, डॉन सीगल दिग्दर्शित या चित्रपटाने क्लिंट ईस्टवूड यांच्या इन्स्पेक्टर हॅरी कॅलहन या व्यक्तिरेखेला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. तितकीच, किंबहुना काकणभर अधिक प्रसिद्धी लाभली ती त्याच्या हातातील रिव्हॉल्व्हरला.

शिकाऱ्यांचे रिव्हॉल्व्हर

हॅरीचे शस्त्र म्हणजे स्मिथ अँड वेसन कंपनीचे ‘मॉडेल २९’. १९५०च्या दशकाच्या मध्यास .४४ मॅग्नम या नव्या काडतुसासाठी ते तयार करण्यात आले. या काडतुसामागे एल्मर कीथ यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. शिकारीवर लेखन करणाऱ्या कीथ यांना मोठे जनावर एका गोळीत लोळवील असे हातात मावणारे शस्त्र हवे होते. म्हणजेच हे रिव्हॉल्व्हर मुळात शिकाऱ्यांसाठी होते, पोलिसांसाठी नव्हे. अमेरिकेतील बहुतेक पोलिस त्या काळी .३८ स्पेशल जातीचे तुलनेने सौम्य काडतूस वापरत असत.

चित्रपटातील रिव्हॉल्व्हरची नळी साडेसहा इंच लांबीची असून त्याचे वजन सव्वा किलोहून अधिक भरते. त्यातून सुटणारी साडेपंधरा ग्रॅमच्या आसपासची गोळी ध्वनीहून अधिक वेगाने जाते. साहजिकच झाडणाऱ्याच्या मनगटाला बसणारा धक्काही जबरदस्त असतो. दाटीवाटीच्या शहरात अशी गोळी लक्ष्याला भेदून पलीकडच्या निरपराध माणसालाही लागू शकते. १९७३च्या ‘मॅग्नम फोर्स’ या दुसऱ्या भागात हॅरी आपण सौम्य भाराचे काडतूस वापरत असल्याची कबुली देतो, त्यामागे हेच व्यवहारज्ञान असावे.

हे जगातील सर्वांत शक्तिशाली हातशस्त्र असल्याचा हॅरीचा दावा आज टिकणारा नाही. याच कंपनीने २००३मध्ये .५०० मॅग्नम हे कितीतरी अधिक ताकदीचे काडतूस बाजारात आणले. मात्र चित्रपट प्रदर्शित झाल्यावर ‘मॉडेल २९’ची मागणी एवढी वाढली, की ग्राहकांना ते मिळणे दुरापास्त झाले.

सहा गोळ्यांचा हिशेब

हे शस्त्र रिव्हॉल्व्हर असणे कथेसाठीही महत्त्वाचे आहे. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रीत सहा काडतुसे बसतात. सहाही झाडली गेली, तरी शस्त्राचे बाह्यरूप बदलत नाही. याउलट बहुतेक स्वयंचलित पिस्तुलांत शेवटची गोळी सुटली, की वरचा सरकता भाग मागेच अडकून राहतो आणि पिस्तूल रिकामे झाल्याचे समोरच्यालाही कळते.

बँक लुटणाऱ्या जखमी दरोडेखोरासमोर हॅरी उभा राहतो, तेव्हा गोळ्या पाच झाडल्या की सहा, हा प्रश्न तो त्याच्यावरच सोपवतो. दरोडेखोर कच खातो. रिव्हॉल्व्हर रिकामेच निघते. अखेरच्या प्रसंगात हाच प्रश्न ‘स्कॉर्पिओ’ला विचारला जातो. तो जुगार खेळतो आणि या वेळी गोळी शिल्लक असते. स्वयंचलित पिस्तूल घेऊन हे नाट्य उभेच राहिले नसते.

खलनायकाची शस्त्रे

अँडी रॉबिन्सन यांनी साकारलेल्या स्कॉर्पिओचे एकच असे शस्त्र नाही. दुरून वेध घेणारी रायफल हे त्याचे मुख्य हत्यार. गच्चीवरील रात्रीच्या चकमकीत तो दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘एमपी-४०’ ही सबमशीनगन चालवतो, तर पुढे दारूच्या दुकानदाराला जखमी करून त्याचेच पिस्तूल पळवतो. नायकाचे शस्त्र ठरलेले आणि उघड, तर खलनायकाची शस्त्रे बदलती आणि लपवलेली, असा हा विरोध आहे.

या पात्राला वास्तवाचा आधार होता. १९६८-६९मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात ‘झोडिअ‍ॅक’ या टोपणनावाच्या खुन्याने दहशत माजवली होती. वृत्तपत्रांना पत्रे पाठवून तो पोलिसांना आव्हान देत असे. शाळेच्या बसमधील मुलांना ठार मारण्याची धमकीही त्याने दिली होती. चित्रपटातील बस-अपहरणाचे मूळ त्यातच आहे.

रायफल सापडली, पण...

कथेचा खरा पेच मात्र गोळीबारात नसून जप्तीत आहे. स्कॉर्पिओने ओलीस ठेवलेल्या मुलीचा जीव वाचवण्यासाठी हॅरी केझार स्टेडियममधील त्याच्या खोलीत वॉरंट नसताना घुसतो. तेथे रायफल सापडते. पळणाऱ्या स्कॉर्पिओच्या पायावर गोळी झाडून, त्याच जखमेवर पाय देऊन हॅरी त्याच्याकडून मुलीचा ठावठिकाणा काढू पाहतो. मुलगी तोवर मरण पावलेली असते. बेकायदा झडतीत मिळालेली रायफल न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येणार नाही, असे सरकारी वकील सांगतात आणि खुनी मोकळा सुटतो.

यामागे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल होते. बेकायदा झडतीतील पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही अग्राह्य ठरवणारा ‘मॅप’ खटल्याचा निकाल १९६१चा, तर आरोपीला त्याच्या हक्कांची जाणीव देणे बंधनकारक करणारा ‘मिरांडा’ निकाल १९६६चा. विशेष म्हणजे पुढे १९८४मध्ये ‘क्वार्ल्स’ खटल्यात याच न्यायालयाने सार्वजनिक सुरक्षिततेचा अपवाद मान्य केला. सुपरमार्केटमध्ये पकडलेल्या संशयिताचे पिस्तूल कोठे आहे, हे पोलिसांनी हक्कांची जाणीव देण्यापूर्वीच विचारले होते. ते उत्तर पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आले.

भारतातील स्थिती वेगळी आहे. झडती बेकायदा होती एवढ्याच कारणाने संबद्ध पुरावा बाद होत नाही, अशी भूमिका आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३च्या डिसेंबरमध्ये पूरन मल खटल्यात घेतली. योगायोग असा, की ‘डर्टी हॅरी’वर बेतलेला ‘खून खून’ हा हिंदी चित्रपट त्याच वर्षीचा. महेंद्र संधू त्यात पोलिस अधिकारी, तर डॅनी डेंग्झोंग्पा खुनी होते.

टीका आणि उत्तर

चित्रपटावर टीकाही कठोर झाली. ‘द न्यूयॉर्कर’च्या समीक्षक पॉलिन केल यांनी त्यात फॅसिस्ट प्रवृत्ती पाहिली. ‘मॅग्नम फोर्स’ हे त्याला दिलेले एक उत्तर मानले जाते. त्यात गुन्हेगारांना परस्पर ठार मारणारे तरुण पोलिसच खलनायक आहेत, त्यांच्या हाती.३५७ मॅग्नमची ‘कोल्ट पायथन’ रिव्हॉल्व्हर्स आहेत आणि हॅरी त्यांच्याविरुद्ध उभा राहतो.

पडद्यामागची जोखीम

चित्रीकरणात गोळीविरहित काडतुसे वापरली जातात. परंतु ती निरुपद्रवी नसतात. १९८४मध्ये अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने मालिकेच्या सेटवर अशा काडतुसाने भरलेले .४४ मॅग्नम गंमत म्हणून डोक्याला लावून झाडले. त्या दाबाने झालेल्या जखमेमुळे त्याचा मृत्यू झाला. १९९३मध्ये ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली याचा बळीही .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरनेच घेतला. नळीत अडकून राहिलेली गोळी गोळीविरहित काडतुसाच्या दाबाने बाहेर फेकली गेली होती. २०२१मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला, तो तर रिव्हॉल्व्हरमध्ये खरेच काडतूस आल्याने.

‘डर्टी हॅरी’च्या शेवटी स्कॉर्पिओचा देह पाण्यावर तरंगत असतो आणि हॅरी आपला पोलिसी बिल्ला काढून त्याच पाण्यात भिरकावतो. मॅग्नम मात्र तो फेकत नाही. कायद्याचे चिन्ह गेले आणि शस्त्र उरले. हा विजय मानायचा की पराभव, याचा निर्णय चित्रपटाने प्रेक्षकांवर सोपवला आहे.