सभा ‘भरविणे’ : एका क्रियापदाचा सीमाभागातील इतिहास

माणसे एकत्र आणण्यासाठी मराठीत अनेक क्रियापदे आहेत. परंतु ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. साक्षीदाराला बोलाविले जाते, पोलिसांची जादा कुमक पाचारण केली जाते, गर्दी जमविली जाते. परिषद आणि संमेलन मात्र भरविले जाते. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात या शेवटच्या क्रियापदाला विशेष इतिहास आहे, म्हणून त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

‘भरणे’ याचे मूळ संस्कृत ‘भृ’ धातूत आहे. वाहणे, धारण करणे, पोसणे हे त्याचे अर्थ. मराठीत घागर भरते, तसाच बाजार भरतो, जत्रा भरते, शाळाही भरते. येथे कोणी हुकूम दिलेला नसतो; ठरल्या वेळी जागा माणसांनी भरून येते. ‘भरविणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. त्यात कर्ता येतो आणि कर्त्याबरोबर जबाबदारी येते : निमंत्रण, मांडव, अध्यक्षाची निवड, ठरावांची नोंद. आई लेकराला घास भरविते, तेही हेच क्रियापद. कन्नडमध्ये सभा ‘करेयुवुदु’ म्हणतात, म्हणजे बोलाविणे. तेथे दृष्टी हाकेवर आहे, मराठीत भरलेल्या जागेवर. ‘सभा’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांनी संस्कृतातूनच घेतला आहे.

या भूमीत काय काय भरले ते पाहू. डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. एप्रिल 1925 मध्ये निपाणीत प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली व तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. मराठी साहित्य संमेलन बेळगावात 1929 मध्ये शि. म. परांजपे यांच्या, तर मे 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला तो याच 1946 च्या संमेलनात. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यपुनर्रचना झाली आणि ज्या नगरीत हा ठराव झाला तीच तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. पुढे 2000 साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली येथे पुन्हा संमेलन भरले. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा या गावांनीही आपापली संमेलने भरविली.

शासनदरबारी मात्र वेगळा शब्द चालतो : ‘जमाव’. अरबी ‘जमा’पासून आलेला हा शब्द ‘जमाखर्च’, ‘जमाबंदी’ यांचा सोयरा. जमाव मोजता येतो, पांगविता येतो. त्याला अध्यक्ष नसतो, ठराव नसतो. कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन 2006 मध्ये प्रथम बेळगावात झाले. पुढे अशा अधिवेशनांच्या वेळी महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा भरवू लागली. डिसेंबर 2022 मध्ये त्यास परवानगी नाकारली गेली आणि जमावबंदीचा आदेश लागू झाला. ज्याला भरविणारे ‘मेळावा’ म्हणत होते, त्याला आदेशाने ‘जमाव’ ठरविले.

म्हणून सीमाबांधवांना आमची विनंती आहे. आपल्या पत्रकांत, अर्जांत, इतिवृत्तांत ‘लोक जमले’ एवढेच लिहू नये. सभा कोणी भरविली, अध्यक्ष कोण होते, कोणता ठराव झाला, हे तारखेसह नोंदवावे. 1946 चे संमेलन आज पुरावा म्हणून सांगता येते, ते त्याच्या ठरावामुळे. त्या दिवशीच्या गर्दीमुळे नव्हे.