मोटारीच्या पुढील सस्पेन्शनची घरच्या घरी दुरुस्ती : पद्धत आणि मर्यादा

पावसाळा सरला की शहरांतील गॅरेजांसमोर मोटारींची गर्दी वाढते आणि त्यांतील अनेकांची तक्रार एकच असते : पुढच्या बाजूने येणारी खटखट. खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि कोणत्याही मापात न बसणारे गतिरोधक यांचा पहिला मार पुढील चाकांच्या सस्पेन्शनला बसतो. बहुसंख्य लहान मोटारींत इंजिन आणि गिअरबॉक्सचा भार पुढच्या चाकांवर असतो; ब्रेक दाबताच मागचा काही भारही पुढे सरकतो. शिवाय हीच चाके गाडी वळवितात. त्यामुळे येथील झीज केवळ आरामाशी नव्हे, तर थेट सुरक्षिततेशी निगडित असते. योग्य हत्यारे, पुरेसा वेळ आणि शिस्त असेल तर यातील काही कामे घरच्या वाहनतळावरही करता येतात. मात्र कोणती कामे हाती घ्यावीत आणि कोठे थांबावे, हे आधी ठरवावे लागते.

रचना समजून घेताना

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढील बाजूस मॅकफर्सन स्ट्रट ही रचना असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने ती दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेच्या एका छोट्या मोटारीसाठी आखली. तो प्रकल्प १९४७ मध्ये गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्ड कंपनीत गेले. ब्रिटनमध्ये १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सुलमुळे ही रचना सर्वपरिचित झाली. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे ती मध्यमवर्गाच्या दारात पोहोचली. त्याआधीच्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये पुढील बाजूस टॉर्शन बार होते, तर प्रीमियर पद्मिनीत दोन आर्मची जोडी आणि त्यांमध्ये स्प्रिंग अशी मांडणी होती. त्या गाड्यांना ठरावीक काळाने ग्रीसिंग करावे लागे. आजचे बहुतेक सांधे बंदिस्त असतात. त्यांना ग्रीस लागत नाही, पण झिजले की ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

या रचनेत शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एक उभा खांब तयार होतो, तोच स्ट्रट. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली बॉडीला, तर खालचे टोक चाकाचा हब पेलणाऱ्या नकलला जोडलेले असते. नकलचा खालचा भाग लोअर आर्म धरून ठेवतो. या आर्मच्या बाहेरच्या टोकास बॉल जॉइंट आणि आतल्या टोकास रबरी बुश असतात. वळणावर गाडी एका अंगावर झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार असतो आणि तो लिंक रॉडने स्ट्रटला किंवा आर्मला जोडलेला असतो. स्टिअरिंगची हालचाल टाय रॉडमार्फत चाकापर्यंत पोहोचते.

दोष नेमका कोठे?

आवाज आला की शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात अनेकदा दोष स्वस्तातल्या लिंक रॉडमध्ये किंवा बारच्या रबरी बुशमध्ये निघतो. म्हणून सुटे भाग विकत घेण्यापूर्वी तपासणी करावी.

पुढील एका कोपऱ्यावर जोर देऊन गाडी खाली दाबावी आणि सोडावी. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन हेलकावे घेत असेल तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला असे समजावे. त्याच्या नळीवर तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ हीही स्पष्ट खूण होय. चाक उचलून ते वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील १२ व ६ च्या जागी, धरून हलवावे. खेळ जाणवल्यास बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंगची शंका घ्यावी. ९ व ३ च्या जागी धरून हलविताना खेळ जाणवला तर टाय रॉडचा सांधा पाहावा. बॉल जॉइंटचे रबरी टोपण फाटले असेल तर आत पाणी व माती शिरते आणि सांधा लवकर झिजतो. टायर एकाच कडेने झिजत असेल किंवा ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जात असेल, तर लोअर आर्मचे बुश तपासावेत.

यापैकी बॉल जॉइंटकडे दुर्लक्ष करणे सर्वांत घातक. तो निसटला तर आर्म आणि नकल एकमेकांपासून सुटतात, चाक वाकडे होऊन चाकाच्या कमानीत अडकते आणि स्टिअरिंगवरील ताबा जातो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडी अस्वस्थ करतो. बॉल जॉइंट ती रस्त्याबाहेर नेऊ शकतो.

घरी काय, गॅरेजमध्ये काय

लिंक रॉड व बारचे बुश बदलणे हे नवख्यालाही जमण्याजोगे काम आहे. पूर्ण लोअर आर्म किंवा पूर्ण जोडलेला स्ट्रट बदलणे ही त्यापुढची पायरी. ज्याने पान्याचे काम पूर्वी केले आहे त्याने ते हाती घ्यावे. आर्ममधील जुने बुश काढून नवे बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागते. त्यामुळे घरी काम करणाऱ्याने बुश व बॉल जॉइंटसह येणारा संपूर्ण आर्म घेणे श्रेयस्कर. किंमत थोडी अधिक पडते, परंतु प्रेसची गरज उरत नाही. व्हील बेअरिंगही गॅरेजवरच सोपवावे.

स्प्रिंगचे काम तर घरी टाळावेच. चाक हवेत लटकत असतानाही स्ट्रटवरील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेतच असते. दट्ट्याच्या दांड्यावरील मधला नट ढिला केला की ती सर्व ताकद एका क्षणात मोकळी होते आणि वरचा आधार गोळीसारखा उडतो. हात किंवा चेहरा मध्ये असेल तर इजा गंभीर होते. दोरीने, तारेने किंवा हलक्या प्रतीच्या चिमट्यांनी स्प्रिंग आवळण्याचे प्रयोग करू नयेत. स्ट्रट उतरवून गॅरेजमध्ये न्यावा, तेथील कॉम्प्रेसरवर स्प्रिंग बदलून आणावी आणि पुन्हा घरी बसवावा, हा मध्यम मार्ग पैसे आणि जीव दोन्ही वाचवितो.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कोणताही भाग न खोलता अधिकृत सेवा केंद्र गाठावे.

पूर्वतयारी

जागा सपाट आणि पक्की हवी. डांबर उन्हात मऊ होते आणि पेव्हर ब्लॉक खचतात; सिमेंटची फरशी उत्तम. गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालणेही धोक्याचे. वजन पेलणारे दोन जॅक स्टँड अनिवार्य आहेत. विटा किंवा दगड हा त्यांना पर्याय नव्हे, कारण ते भाराखाली अचानक फुटतात. याखेरीज गोटीपाने, रिंग पाने, लांब दांडा, बॉल जॉइंट सोडविण्याचे साधन, तारेचा ब्रश, गंज सैल करणारे तेल आणि टॉर्क पाना लागतो. गंजलेल्या बोल्टवर तेल आदल्या रात्रीच सोडून ठेवावे.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर व स्प्रिंग नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक बाजू नवी आणि दुसरी थकलेली असेल तर ब्रेक लावताना व वळणावर गाडी असमतोल वागते. स्वतः आवळून बसणारे नट आणि कॉटर पिना पुन्हा वापरू नयेत. बाजारात नकली भागांचा सुळसुळाट असल्याने पक्की पावती घ्यावी व भागावरील क्रमांक ताडून पाहावा.

प्रत्यक्ष काम

हँडब्रेक ओढून मागील चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. उत्पादकाने दाखविलेल्या जागी जॅक लावून गाडी उचलावी, दोन्ही बाजूंना स्टँड द्यावेत आणि गाडी हाताने हलवून ती पक्की बसल्याची खात्री करावी. काढलेले चाक बॉडीखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड निसटलाच तर तेवढा आधार राहतो. दोन्ही बाजू एकदम उचलल्याने स्टॅबिलायझर बारला पीळ राहत नाही आणि लिंक रॉड सहज सुटतो.

स्ट्रटवरील ब्रेकचा होज आणि असल्यास एबीएसची तार आधी मोकळी करावी. नकलच्या बोल्टभोवती खडूने किंवा रंगाने खूण करावी. मग खालचे बोल्ट काढावेत. या वेळी नकल बाहेर कलंडू देऊ नये. ती तारेने बांधून ठेवावी. अन्यथा ब्रेकचा होज ताणला जातो किंवा अ‍ॅक्सलचा आतला सांधा निसटतो. शेवटी एका हाताने स्ट्रट पेलून बॉनेटखालील नट काढावेत. अनेक गाड्यांत वरचा आधार बॉडीला दोन किंवा तीन नटांनी धरलेला असतो. तेथे फक्त तेच काढावेत. काही गाड्यांत मध्यभागीच एकावर एक दोन नट असतात. कोणता नट बॉडीचा आणि कोणता स्प्रिंगचा, हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याविना तेथे पाना लावू नये.

लोअर आर्म काढताना बॉल जॉइंटचा निमुळता खिळा नकलमध्ये घट्ट बसलेला असतो. त्याच्या आट्यांवर हातोडी मारल्यास आटे खराब होतात. त्यासाठी असलेले साधनच वापरावे. नवा आर्म बसविताना आतील बुशचे बोल्ट प्रथम हातानेच लावावेत. ते पूर्ण आवळायचे ते आर्म गाडी जमिनीवर असतानाच्या पातळीत आणल्यावर. हे अनेकदा विसरले जाते. चाक लटकत असतानाच बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अकाली फाटतो.

नवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर सुटा आणला असेल तर स्प्रिंग चढविण्यापूर्वी तो उभा धरून काही वेळा दाबून-ओढून घ्यावा, म्हणजे साठवणुकीत आत अडकलेली हवा निघून जाते. त्याचा चकचकीत दांडा पक्कडीने कधीही धरू नये. त्यावर ओरखडा उमटला की तेलाचे सील फाटते आणि नवा भाग गळू लागतो.

सर्व नट मॅन्युअलमधील टॉर्कनुसार आवळावेत. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगले तर सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, यावरून अंदाज यावा. मात्र अंदाजावर काम भागवू नये : कमी आवळलेला नट सुटतो, तर अति आवळलेल्या बोल्टचे आटे जातात. चाकांचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, गाडी जमिनीवर टेकल्यावर पक्के करावेत.

काम संपल्यानंतर

निघण्यापूर्वी ब्रेक पेडल दाबून पाहावे आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचा होज कोठे घासत नाही ना, हे तपासावे. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, संथ वेगात घ्यावी. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घेणे अपरिहार्य आहे. स्ट्रट किंवा आर्म हलला की चाकाचा कोन किंचित बदलतो. केलेली खूण केवळ अलाइनमेंट केंद्रापर्यंत सुखरूप पोहोचण्यापुरती असते. ते टाळल्यास नवे टायर काही हजार किलोमीटरमध्येच एका कडेने उतरतात. सुमारे १०० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर कापू वा तापवू नयेत. त्यांत तेल आणि अनेकदा दाबाखालील वायू असतो.

घरी काम केल्याने मजुरी वाचते आणि गाडीची ओळखही होते. परंतु हत्यार कमी असेल, बोल्ट हलत नसेल किंवा एखाद्या टप्प्याबद्दल शंका असेल, तर तेथेच थांबून जाणत्या मेकॅनिकला बोलावावे. अर्धवट खात्रीने बसविलेले चाक रस्त्यावर केवळ चालकाचाच नव्हे, तर समोरून येणाऱ्याचाही जीव धोक्यात घालते.