रोषणाईचं बिल कोणाच्या नावावर?



दिवाळीच्या माळा अजून उतरल्या नाहीत, तोच नाताळ आला. मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि बोलता बोलता विषय निघाला : नाताळात रस्त्यावर लायटिंग करायला पंचायतीनं, नगरपंचायतीनं पैसा खर्च करावा का? एक जण म्हणाली, करावा की, लेकरांना बरं वाटतं. पाड्यावरून येणारी एक जण म्हणाली, आधी आमच्या वाटेवर एक साधा दिवा लावा, मग रंगीत लावा. तिसरी हळूच म्हणाली, नाताळ तर चार घरांचा. यावर आम्ही सगळ्याच गप्प झालो. त्या चार घरांतली एक बाई आमच्यातच बसली होती.

म्हणून आज या विषयाचा थोडा इतिहास सांगतो. वाद नवा नाही. आपल्या महाराष्ट्रात तो दीडशे वर्षांपूर्वीही झाला होता.

जोतिबा फुले आपल्याला मुलींच्या शाळेमुळे माहीत आहेत. पण ते 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे फार कमी जणींना माहीत असतं. तेव्हा सभासद निवडून येत नसत, सरकार नेमत असे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीचा विषय नगरपालिकेत आला. शहर सजवायचं, स्वागत करायचं आणि त्यासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये काढायचे, असा प्रस्ताव होता. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या चरित्रात नोंद आहे की 32 सभासदांपैकी विरोधात मत देणारे ते एकटे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला.

एकटे का पडले असतील? सरकारनं नेमलेले सभासद, आणि सरकारचाच सगळ्यात मोठा साहेब येणार. नाही कोण म्हणणार? पण फुल्यांना हा लिटन कोण ते चांगलं ठाऊक होतं. 1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. माणसं अन्नावाचून मरत होती आणि 1 जानेवारी 1877 रोजी याच लिटननं दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. त्याच दुष्काळात जोतिबा, सावित्रीबाई आणि सत्यशोधक समाजाची माणसं धनकवडीला उपाशी लेकरांना जेवू घालत होती. ज्यांनी ती ताटं वाढली, त्यांना कमानी आणि तोरणांचे एक हजार रुपये कसे दिसले असतील, ते तुम्हीच बघा.

आणखी एक. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. बिल कसं बनतं आणि कसं फुगतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आनंदाला विरोध करणारा कोरडा माणूस अशी त्यांची कल्पना करू नका. पैसा कोणाचा आणि आधी कशावर जायला हवा, एवढंच ते विचारत होते.

वीस वर्षांनी पुन्हा तेच. 1897 मध्ये राणीच्या राज्याला 60 वर्षं झाली म्हणून देशभर समारंभ झाले. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, आणि या प्रांतात नुकताच भयंकर दुष्काळ पडला होता. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि निराधार मुली व विधवांना आपल्या आश्रयाला घेऊन गेल्या.

आता दिव्यांकडे येऊ. शहरातल्या रस्त्यावरचा दिवासुद्धा एकेकाळी जत्रेसारखा बघितला जाई. ऑक्टोबर 1865 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले, तेव्हा दिवे पेटवणाऱ्या माणसांच्या मागे लोकांची गर्दी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत गेली होती. हळूहळू ही चैन राहिली नाही, गरज झाली, आणि मग ते कायद्यानं पंचायतीचं काम झालं. आपल्या गावांना 1958 चा ग्रामपंचायत कायदा लागू आहे. नगरपंचायतीला 1965 चा नगरपरिषदांचा कायदा लागू आहे. एटापल्लीत 2015 मध्ये नगरपंचायत झाली. रस्त्यावरची दिवाबत्ती दोन्ही कायद्यांत आहे. घरपट्टीच्या पावतीवर बघा, बहुतेक ठिकाणी दिवाबत्ती कराची वेगळी ओळ असते. त्या ओळीचे पैसे आपण खांबावरच्या दिव्यासाठी भरतो.

सणाच्या दिव्यांची वाट वेगळी होती. 1893 पासून लोकमान्य टिळकांनी गणपतीच्या सार्वजनिक उत्सवाला जोर दिला. तो उत्सव मंडळांनी वर्गणीवर चालवला. वर्गणी आणि कर यांत फरक आहे, बायांनो. वर्गणी पटली नाही तर आपण दोन गोष्टी ऐकून घेतो आणि दार लावून घेतो. करात तशी सोय नाही. तो मजुरीवाल्या बाईनंही भरायचा असतो आणि दुकानदारानंही. म्हणून करातून काही घ्यायचं तर सगळ्यांना विचारून घ्यावं लागतं.

नाताळचंही तसंच आहे. वसईकडे घराघरांवर चांदण्या लागतात, पोरं गव्हाणीचे देखावे करतात. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद, आपल्या आकाशकंदिलाची बहीणच म्हणा. बांबू तर आपल्याच जंगलातला! खर्च घरचा, मेहनत घरची. नाताळच्या लायटिंगसाठी जगभर नाव असलेल्या लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 1954 मध्ये दिवे लागले, तेही तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं लावले होते. गिऱ्हाईक यावं हा त्यात हिशेब होता. ज्याचा धंदा वाढतो त्यानं बिल भरावं, हे आम्हाला सरळ वाटतं.

आता त्या तिसऱ्या बोलण्याकडे येतो, कारण ते आम्हाला फार लागलं. नाताळ चार घरांचा, म्हणून पंचायतीनं पैसा देऊ नये, हे आम्हाला मान्य नाही. दिवाळीच्या लायटिंगचा ठराव हात वर करून मंजूर करायचा आणि नाताळ आला की काटकसर आठवायची, याला हिशेब म्हणत नाहीत. संविधानाचं 27 वं कलम सांगतं की एखाद्या ठरावीक धर्माच्या वाढीसाठी खर्च होणारा कर भरायची सक्ती कोणावरही करता येणार नाही. रस्त्यावरची माळ म्हणजे धर्माची वाढ आहे का, यावर वकील भांडतील. आपल्यासाठी साधं आहे. नियम करायचा तर गणपती, दिवाळी, ईद, नाताळ, नवीन वर्ष, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि साहेबांचे दौरे, सगळ्यांना एकच. फुल्यांनी व्हाइसरॉयलाही सूट दिली नव्हती.

आणि रोजच्या दिव्याचं काय होतं तेही बघा. 2021 मध्ये वीजबिलं थकली म्हणून राज्यात अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज महावितरणनं तोडली. गावंच्या गावं अंधारात गेली. शेवटी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून ही बिलं भरा, असं सरकारला सांगावं लागलं. सरपंचांची ओरड झाली, कारण तो पैसा दुसऱ्या कामांचा होता.

हिशेब घरी करून बघता येतो. 20 वॅटचा एलईडी दिवा रोज 12 तास जळला तर महिन्याला साधारण सात युनिट वीज लागते, वर्षाला 90 च्या आतच. रंगीत माळांनाही वीज थोडीच लागते. खरा खर्च असतो माळा भाड्यानं आणणं, चढवणं, उतरवणं, म्हणजे कंत्राटाचा. म्हणून "वीज किती लागणार, थोडीच तर आहे" असं कोणी म्हणालं तर विजेचं बिल बघू नका, कंत्राटाचं बघा.

आपल्याकडे रात्रीचा अंधार म्हणजे साप, विंचू, मोहाच्या दिवसांत अस्वल. बाळंतपणाच्या कळा अंधार बघून थांबत नाहीत. शेवटच्या घरापर्यंत खांब पेटला, नळाजवळ पेटला, दवाखान्याच्या वाटेवर पेटला, त्यानंतर शिल्लक पैशातून पंचायतीनं चार माळा लावल्या तर आम्ही स्वतः बघायला जाऊ, लेकरांना घेऊन जाऊ. सण उजेडात व्हावा, हे कोणाला नको आहे? पण क्रम तो असावा.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. पंचायतीत आता निम्म्या जागा आपल्या आहेत. पण लायटिंगच्या ठरावाला नाही म्हणणं अवघड जातं. लगेच म्हणतात, ही सणाच्या विरोधात आहे. बाई सदस्याला तर घरूनच सांगतात, कशाला वाईटपणा घेते. म्हणून तिला एकटीला हात वर करायला लावू नये. गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. तिथेच ठराव लिहून घ्यावा, म्हणजे तो सगळ्या बायांचा होतो. नगरपंचायतीच्या हद्दीत ग्रामसभा नाही, तिथे नगरसेविकेला लेखी निवेदन द्यावं, सह्या भरपूर घ्याव्यात. खर्चाचं बिल माहितीच्या अधिकारात मागता येतं.

त्या दिवशी बैठक उठताना चार घरांतली ती बाई म्हणाली, चांदणी आम्ही दरवर्षी घरीच करतो, कामट्या तेवढ्या चांगल्या मिळत नाहीत. पाड्यावरची म्हणाली, मी आणते. पुढच्या बैठकीला कामट्या येणार आहेत. तुम्ही येताना आपल्या गल्लीतले खांब मोजून या. किती पेटतात, किती नाही, आणि खांबावर नंबर असेल तर तोही कागदावर उतरवून आणा.